जहाजवालीचा आवाज

लिफ्टने तिसरा मजला सोडला आणि तिच्या पिशवीतला फोन एकदाच थरथरला. बँकेचा निरोप. खात्यात रक्कम जमा, पाठवणारी रंगाची कंपनी, कारण लाभांश. रक्कम इतकी किरकोळ, की दोघांचा चहा आणि वर एखादं बिस्कीट, बस. पण तिच्या तोंडून ‘अगंबाई!’ असं इतक्या मोठ्याने निघालं की शेजारी खोकं सावरत उभा असलेला कुरिअरवाला दचकला. ‘काही वाईट बातमी का हो ताई?’ त्याने विचारलं. ‘छे हो,’ ती म्हणाली, ‘आईने चहा पाजला.’ तो समजल्यासारखी मान हलवून पाचव्यावर उतरला आणि ती सहाव्यावर स्टुडिओत जायची ती तशीच आत उभी राहिली, दार उघडलं, मिटलं, आणि लिफ्ट तिला घेऊन पुन्हा खाली निघाली. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. आई त्या रंगाच्या कंपनीत टेलिफोनवर बसायची, सगळ्या कंपनीचा आवाज म्हणजे आईचा आवाज. एका बऱ्या वर्षी मालकांनी सगळ्यांना थोडे थोडे शेअर दिले आणि आईने ते कपाटात ठेवून दिले, कधी हात लावला नाही. ते आता तिच्या नावावर झाले होते. आणि त्यांनी तिला न विचारता, तिने बोटही न हलवता, हे पाठवलं होतं. आपण भाजी निवडत होतो, बसची वाट बघत होतो, नवऱ्यावर उगाच चिडत होतो, आणि तेवढ्यात कुठेतरी कुणीतरी भिंत रंगवत होतं, आणि त्या रंगातला एक थेंब आपल्याकडे यायला निघाला होता. देवाचं देणं असंच असतं असं आई म्हणायची, मागावं लागत नाही, फक्त घरी असावं लागतं. ती तळमजल्यावर पोचली, आत येणाऱ्या चार माणसांकडे बघून हसली आणि पुन्हा सहावा दाबला.

दिवसभर स्टुडिओत टूथपेस्टची जाहिरात होती. तेच वर्षानुवर्षांचं वीस सेकंदांचं गाणं, नव्याने, चार आवाज, एक घंटी. काचेपलीकडे मुली गात होत्या आणि काचेअलीकडे जाहिरातवाला तिच्या खुर्चीमागे येरझारा घालत होता. ‘मॅडम, दात अजून चमकले पाहिजेत.’ ‘दात ऐकू येत नाहीत हो,’ ती म्हणाली. ‘म्हणजे ती घंटी. घंटी जरा वर.’ तिने घंटी वर केली. मिक्सरवरचे फेडर, त्या सरकत्या खुंट्या, ती नेहमी अनामिकेने ढकलायची. तर्जनी उतावीळ असते. सतरा वर्षं ती हेच करत आली होती, कुणाला किती वर, कुणाला किती खाली. आणि घंटी वर जाता जाता तिच्या डोक्यात ती गोष्ट आली, सरळ, कुणी कानात सांगावी तशी: आईचं घर विकून आलेले अर्धे पैसे बँकेत नुसते पडलेत. अर्धे दादाचे, अर्धे आपले. ते जर अशाच कंपन्यांत वाटून टाकले, नियमाने लाभांश देणाऱ्या, तर आपला पगार त्या देतील. आणि मग आपण फितींकडे जाऊ शकू.

फिती म्हणजे सभागृहातल्या फिती. लहानपणी शनिवारी आई तिला तिथे न्यायची. कीर्तनाचे बुवा यायचे, साधे, काखेत छत्री. उभे राहिले की आधी गायचे, मग गाता गाता थांबून बोलायला लागायचे, बोलता बोलता गोष्ट, गोष्टीत हसवायचे, आणि सगळे हसत असताना अचानक पुन्हा गायला लागायचे, की हसणारी माणसं तशीच उघड्या तोंडाने राहायची आणि डोळ्यांतून पाणी. आई डोळे मिटून बसायची. ‘झोपलीस?’ ती विचारायची. ‘गप. बघून ऐकू येत नाही नीट.’ पुढे ती आवाजाचं काम शिकली तेव्हा बुवांसाठी पहिल्यांदा मिक्सरवर बसली. ती सगळी वर्षं स्टेजखालच्या खोलीत रिळांवर गुंडाळून ठेवलेली आहेत. नुसते हेच बुवा नाहीत, त्यांच्या आधीचेही, गाऊन सांगणारे कितीतरी आवाज, जे आता कुठेच नाहीत. आणि फितीवरचा थर सुटायला लागलाय. हात लावला की बोटाला तपकिरी पूड लागते. ती पूड म्हणजे आवाज आहे, हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने बोट पुसलं नव्हतं. सभागृहाच्या सेक्रेटरीबाई परवाच म्हणाल्या होत्या, ‘हे बघ, ह्या सगळ्या फिती कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणजे दोन वर्षांचं काम आहे आणि मी तुला बसभाडं देऊ शकते. कानाने तूच करू शकशील. पण सोमवारी सांग. मशीन ज्यांनी उसनं दिलंय त्यांना उत्तर द्यायचंय. तू नाही म्हणालीस तर मशीन परत जाईल, आणि मग ह्या खोलीला बाहेरून कुलूप.’ तिने हो म्हणायला तोंड उघडलं होतं आणि घराचा हप्ता आठवून मिटलं होतं. हप्ता तिच्या पगारातून जायचा. नवरा घरीच कवळ्या बनवायचा, दातांच्या डॉक्टरांना पुरवायचा. त्याच्यावर किराणा, वीज, बाकीचं सगळं. त्याने वाद घातला नव्हता. ‘तू जा,’ तो म्हणाला होता, ‘फक्त हप्ता कोण देणार त्याचं नाव सांग.’ आता तिच्याकडे नाव होतं. एक नाही, सात.

सात तिने त्याच संध्याकाळी शोधल्या. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला नवरा मेणाच्या हिरड्यांत दात बसवत होता, दुसऱ्या टोकाला ती लॅपटॉप उघडून, आणि मध्ये मिठाची बाटली. वर्षानुवर्षं लाभांश चुकवला नाही अशा कंपन्या. त्यांची लांबलचक नावं तिला लक्षात राहीनात, म्हणून तिने त्यांना गाणाऱ्या बायकांसारखी नावं दिली. रंगवाली, ती तर घरचीच. साबणवाली. वीजवाली. औषधवाली. बँकवाली. सिमेंटवाली, जरा जाडी. आणि जहाजवाली. तिला इतका आनंद झाला होता की तिला बसवेना. ती उठायची, ओट्याशी जाऊन पाणी प्यायची, पुन्हा बसायची. प्रत्येकीत किती? एवढाच प्रश्न होता, आणि हा प्रश्न ती आयुष्यभर सोडवत आली होती! सात माइक समोर आहेत, कुणाला किती. निम्मे पैसे अडीअडचणीला बँकेतच ठेवून उरलेले आधी तिने सगळ्यांना सारखे दिले, सगळे फेडर एका रेषेत, आणि बेरीज केली. हप्त्याला कमी पडलं. साहजिक आहे, तिला वाटलं, सगळे फेडर एका रेषेत असले की गाणं कधीच होत नाही. मग तिने कान लावला. कोण किती देते? शंभर रुपये टाकले तर वर्षाला साबणवाली दोन देत होती, रंगवाली तर दीडच, लाजत लाजत; वीजवाली पाच; आणि जहाजवाली अकरा. अकरा! तिने पुन्हा बघितलं. काय गळा आहे बाईचा. तिने साबणवालीचे थोडे काढून जहाजवालीला दिले. बेरीज वर सरकली. सिमेंटवालीचे काढले. अजून वर. ती अनामिकेने आकडे ढकलत होती आणि बेरीज अशी वर चढत होती, जसे बुवा वरच्या पट्टीत जाताना सभागृहातल्या सगळ्या माना त्यांच्याबरोबर वर जायच्या. त्यातले निम्म्याजवळ जहाजवालीकडे गेले तेव्हा बेरीज हप्त्याला जाऊन भिडली. बाराही महिने. तिने टेबलावर हात मारला. मिठाची बाटली आडवी झाली.

‘अगं, दात!’ नवरा ओरडला. एक दाढ घरंगळत तिच्यापर्यंत आली. तिने ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली आणि तळहात धरूनच ठेवला. ‘जमलं,’ ती म्हणाली. ‘हप्ता जमला.’

तो उठून तिच्या मागे आला, चष्मा कपाळावर. त्याने पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. ‘ह्या सगळ्या दर महिन्याला देतात?’

‘नाही रे. कुणी वर्षातून एकदा, कुणी दोनदा. आपण एका खात्यात साठवायचे आणि तिथून दर महिन्याला हप्त्यापुरते काढायचे.’

‘म्हणजे माझ्या डॉक्टरांसारख्याच. देतात, पण त्यांच्या सोयीने.’ तो वाकला. ‘ही जहाजवाली फारच उदार आहे. काय करते?’

‘जहाजं चालवते.’

‘एवढी?’

‘तुला कुणी चांगलं वागलं की संशयच येतो.’

‘मला येत नाही. मी तुझ्याशी लग्न केलं,’ तो म्हणाला आणि आपल्या टोकाला गेला. जाता जाता दाढेला फुंकर मारली. ‘सोमवारी घे मग. बाजार उघडला की.’

तिला झोपेतही बेरीज दिसत राहिली आणि ती बरोबरच येत राहिली. शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरीबाईंचा फोन आला तेव्हा ती जवळजवळ गातच बोलली. सभागृहाचा नेहमीचा आवाजवाला तापाने पडला होता. एक छोटा कार्यक्रम आहे, येतेस का सांभाळायला? ती धावली. रस्ता ओळखीचा होता पण आज दुकानं वेगळी दिसत होती. औषधाच्या दुकानासमोर उभी राहून ती रांगेतल्या माणसांकडे मायेने बघत राहिली; खोकला, गुडघे, साखर, बिचारे, आणि ह्यांच्यातलाच एकेक थेंब. रस्त्यावरचे दिवे लागले, आणि तिला वाटलं, वीजवालीने सुरुवात केली. सगळं शहर हळूहळू तोंड उघडून गायला लागलंय, आणि ऐकायला मी एकटी. सभागृहात शिरताना तो वास आला, जुन्या पडद्यांचा आणि लाकडाचा, आणि तिने मनात आईला सांगितलं, येतेय गं मी, सोमवारपासून.

कार्यक्रम म्हणजे सभागृहाच्या जुन्या विश्वस्तांची आठवण. टेबलावर तीन माइक, ओळख करून देणाऱ्याचा एक, अध्यक्षांचा एक, आणि तिसरा वक्त्यांचा. वक्ते निवृत्त न्यायाधीश. उभे राहिले, कागद छातीशी धरला आणि बोलू लागले, म्हणजे ओठ हलू लागले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘आवाज!’ तिने फेडर वर ढकलला. न्यायाधीश आणखी हळू बोलू लागले, ज्या माणसाचं आयुष्यभर सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं, त्याला मोठ्याने बोलायची गरजच कधी पडली नव्हती. ‘आवाज, आवाज!’ तिने अजून ढकलला. तिला वाटलं आता येईल, अजून एक नखभर, आता येईल. आणि मग ती शिट्टी आली. स्पीकरमधून निघालेला आवाज त्याच माइकमध्ये परत शिरला, तिथून मोठा होऊन स्पीकरमध्ये, तिथून पुन्हा माइकमध्ये, आणि सगळ्या सभागृहाच्या कानात एक तापलेली तार. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र उपटून खिशात टाकलं. न्यायाधीश कागद खाली धरून छताकडे बघत राहिले. सेक्रेटरीबाई बाजूच्या दारातून धावत आल्या. ‘अगं, न्यायाधीशांनाच फाशी दिलीस की काय!’

सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. हाताने आपलं आपण केलं. फेडर खाली आला, शिट्टी मेली. पण तिला जी भीती वाटली ती ह्या सभागृहातली नव्हती. जो आवाज मुळातच बारीक आहे, त्याचा फेडर वर असतो म्हणून तो मोठा वाटतो. मोठा नसतो. तिने हे किती शिकाऊ पोरांना सांगितलं होतं! जहाजवालीचे अकरा. अकरा कशाचे? शंभराचे. पण ते शंभर कधीचे शंभर आहेत? ती मिक्सरमागे उभी होती आणि तिच्यासमोर न्यायाधीश नव्हते, तो पडदा होता, बेरीज होती, आणि बेरजेच्या वर कुठेतरी, तिने न वाचता खाली सरकवलेल्या ओळी. ‘अगं, करतेस काय, ते थांबलेत,’ सेक्रेटरीबाई कुजबुजल्या. आणि तेव्हा तिला बुवा आठवले, बुवांचा तळहात आठवला, त्या पहिल्या दिवसाचा. तिने बुवांना वर, अजून वर केलं होतं, मागे ध्रुवपद धरणारे आणि वाजवणारे इतके जोरात होते म्हणून. आणि बुवा गाता गाता थांबून सगळ्यांसमोर, पण प्रेमाने, तिच्याकडे तळहात करून म्हणाले होते, ‘बाळ, मला वाढवू नकोस. वाढवलंस की मी ओरडतोय असं वाटतं, आणि देव काही बहिरा नाही. बाकीचं थोडं उतरव. मी आहे तेवढाच पुरतो.’ लोक हसले होते. आई हसली होती, डोळे न उघडता. तिने ओळख करून देणाऱ्याचा उघडा राहिलेला माइक पूर्ण बंद केला. अध्यक्षांचा बंद केला. मग स्टेजवर चढून वक्त्यांचा माइक त्यांच्या ओठांपर्यंत वाकवला, ‘माफ करा हं आजोबा,’ म्हणाली, आणि खाली येऊन फेडर होता त्याच्यापेक्षाही खाली ठेवला. न्यायाधीश बोलले. शेवटच्या रांगेतला माणूस मागे टेकला.

रविवारी सकाळी तिने जहाजवालीचं सगळं वाचलं. कंपनीने दोन वर्षांपूर्वी आपली जहाजं विकायला काढली होती; गेल्या वर्षीचा तो मोठा लाभांश जहाजं विकून आलेला होता, चालवून नाही. लोकांना ते कळलं होतं, म्हणून शेअरचा भाव निम्म्यावर आला होता, आणि भाव पडला म्हणून टक्का फुगला होता. बाई गात नव्हती. दागिने मोडून लोकांना वाटत होती. ‘बिचारी,’ ती मोठ्याने म्हणाली.

‘कोण?’ नवऱ्याने विचारलं. त्याच्या हातात आज वरची कवळी होती, आणि ती उगाच हसत होती.

तिने सांगितलं. त्याने ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल तिला त्याला मिठी मारावीशी वाटली. तिने सगळं पुसलं आणि पुन्हा सुरू केलं, ह्या वेळी बँकेत ठेवायचे होते ते निम्मेही आत घेऊन. आणि काय आश्चर्य, तिला वाईट वाटत नव्हतं. तिच्या छातीत पुन्हा तोच कल्लोळ, उलट कालच्यापेक्षा खरा. आता ती कुणाकडे किती पैसे गेले ते बघतच नव्हती. कानाला काय येतंय ते बघत होती. प्रत्येकीकडून वर्षाला किती येईल? कुठल्याही एकीला खोकला झाला तरी गाणं थांबता कामा नये. वीजवाली पाच देते ना, मग तिला कमी पैसे पुरे. तिचा आवाज तसाही पोचतो. बँकवाली, सिमेंटवाली मधल्या. औषधवालीला थोडे जास्त. साबणवालीला चांगलेच जास्त, म्हणजे ती बाकीच्यांच्या बरोबरीने ऐकू येईल. आणि रंगवाली? तिला बरोबरीने आणायचं तर जवळजवळ तिसरा हिस्सा तिलाच द्यावा लागला असता. तिथे तिने हिशेब सोडला आणि जुने आकडे बघितले. आईच्या नोकरीच्या काळापासून तिचा लाभांश दर वर्षी थोडा थोडा वाढत आला होता, एकदाही मागे नाही. लहान मुलीचा आवाज, वाढीला लागलेला. लहान मुलीला पुढे उभं करतात, पण तिच्यावर गाणं टाकत नाहीत. त्याच बेताने रंगवालीला दिलं. जहाजवालीला काढून टाकायला हात गेला आणि थांबला. शेवटच्या रांगेत एका कोपऱ्यात तिला उभं केलं, अगदी थोडक्यात, आणि तिचं काहीही बेरजेत धरलं नाही. गायली तर वरकड.

बेरीज आली ती अकरा महिन्यांची.

एक महिना कमी. बोट आपोआप जहाजवालीकडे निघालं, एक नखभर वर, फक्त एक नखभर, आणि तिला तळहात दिसला. बाकीचं थोडं उतरव. बाकीचं म्हणजे काय? बाकीचं म्हणजे मीच की. मी बारा मागतेय.

‘ऐक,’ ती म्हणाली. ‘अकरा महिन्यांचा हप्ता ह्या सहाजणी देतील.’

‘आणि बारावा?’

‘बारावा टूथपेस्ट देईल. वर्षातून एक महिना मी स्टुडिओत जाईन. दात चमकवून येईन.’

कवळी त्याने टेबलावर ठेवली, आणि ती तिच्याकडे बघून हसत राहिली. ‘एखाद्या वर्षी दोघी-तिघींचा घसा एकदम बसला तर?’

‘तर दोन महिने जाईन. पण सगळ्यांचा एकदम बसेल असं नाही ठेवलेलं.’

‘टूथपेस्टवाल्यांना सांग,’ तो शेवटी म्हणाला, ‘जरा कमी प्रभावी बनवा म्हणावं. माझ्याही धंद्याचा विचार करा.’ आणि मग, दातांकडेच बघत, ‘जा गं. तिथे पूड होतेय सगळ्याची.’

सोमवारी बाजार उघडला तेव्हा ती टेबलाशी ताठ बसली होती, केस विंचरून, जणू कुणी बघणार होतं. पहिली रंगवाली. अनामिकेने. एक हिरवी खूण उमटली. मग साबणवाली, मग औषधवाली, एकेक येऊन आपल्या जागी उभी राहत होती, पदर सावरत, एकमेकींना जागा करून देत. जहाजवाली सगळ्यात शेवटी, मागे. मग तिने फोन उचलला. रिंग जात असताना ती गुणगुणत होती हे तिला सेक्रेटरीबाईंनी सांगितल्यावर कळलं. ‘हे कुठल्या बुवांचं गं? कितीदा ऐकल्यासारखं वाटतंय.’

‘रोज ऐकता तुम्ही. दात घासताना.’ मग तिला हसूच आवरेना. ‘येते मी बाई. मशीन परत पाठवू नका. निघालेच.’

स्टेजखालच्या खोलीत दिवा एकच होता आणि सेक्रेटरीबाईंनी मशीन पुसून ठेवलं होतं. तिने पहिलं रीळ दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या मुलाची मान सावरतात तसं, फीत ओवली आणि हेडफोन कानाला लावले. आधी नुसती खरखर, ओल्या वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तशी. मग खोकले, खुर्च्या, कुणाचं तरी ‘सरका हो जरा’. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, फार लांब, एक बारीक आवाज, गाऊ लागलेला. तिची अनामिका त्या आवाजाच्या फेडरवर गेली, आणि तिथून हलकेच उचलली गेली. खरखर तिने थोडी उतरवली. खुर्च्या उतरवल्या. अजून थोडं, अजून थोडं. आवाज होता तेवढाच होता. ती डोळे मिटून बसली, आणि बुवा काखेतली छत्री ठेवून जवळ आले.